३२०डी, ३३०आय की एम३४०आय? सेकंडहँड थ्री सिरीज चालवून कशी पाहावी

बीएमडब्ल्यूची जी२० पिढीची थ्री सिरीज भारतात २०१९ मध्ये आली. सेकंडहँड बाजारात तिची मुख्यतः तीन इंजिनं दिसतात. ३२०डी म्हणजे दोन लिटर डिझेल, १९० हॉर्सपॉवर. ३३०आय म्हणजे दोन लिटर टर्बो पेट्रोल, २५८ हॉर्सपॉवर. एम३४०आय २०२१ पासून मिळू लागली, तिच्यात तीन लिटरचं सहा सिलिंडरी पेट्रोल आणि चारही चाकांना ताकद. तिची पहिली आवृत्ती ३८७ हॉर्सपॉवरची होती, फेसलिफ्टनंतर कागदावर ३७४ झाली, पण टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, दोन्हींत ५०० न्यूटनमीटरच. बूटवरच्या ३३० आकड्यावरून तीन लिटरचं इंजिन समजू नका. ई४६, ई९० या जुन्या पिढ्यांच्या थ्री सिरीजमध्ये ते खरं होतं, आता नाही.

घोटाळा होतो तो टॉर्कच्या आकड्यावरून. ३२०डी आणि ३३०आय दोन्हींत तो ४०० न्यूटनमीटर आहे, म्हणून ‘फरक काय पडणार?’ असं वाटतं. फरक तो किती आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) टिकतो यात आहे. डिझेलमध्ये तो १७५० ते २५०० या अरुंद पट्ट्यात मिळतो आणि ४००० च्या पुढे इंजिनाचा दम संपतो. ३३०आयमध्ये तोच टॉर्क १५५० पासून ४४०० पर्यंत सपाट राहतो आणि पुढे साडेसहा हजारांपर्यंत ताकद टिकते. शून्य ते शंभरचे कंपनीचे आकडे डिझेलला ६.८ आणि ३३०आयला ५.८ सेकंद आहेत. चालवताना मात्र हा एक सेकंद कमी जाणवतो आणि स्वभावातला फरक जास्त.

म्हणून तिन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच क्रमानं चालवा. एक आज पार्किंगमध्ये आणि दुसरी आठवड्यानं हायवेवर पाहिली तर तुलनाच होत नाही. रस्त्यात चार गोष्टी हव्यात: गर्दीचा सिग्नल, दोन-चार गतिरोधक, मोकळा हायवे आणि घाट. पुण्याहून निघणाऱ्याला कात्रज ते खंबाटकी या पट्ट्यात हे सगळं सापडतं. एका गाडीला दीड तास धरा.

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नको. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर कुणीतरी थंड इंजिनाचा आवाज लपवतोय असं समजा. तिन्ही इंजिनांत टायमिंग चेन (इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ साधणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे मागे आहे. तिचं काम निघालं तर बहुधा इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे खर्च मजुरीतच जातो. डिझेलचा थंडपणीचा खडखडाट स्वाभाविक आहे. पण गरम झाल्यावरही मागच्या बाजूनं घासल्यासारखा आवाज येत राहिला तर ती गाडी तिथेच सोडा. पेट्रोलमध्ये इंजिन थंड असतानाच कूलंटच्या टाकीतली पातळी खुणेशी ताडून घ्या. या इंजिनांत प्लास्टिकचे भाग आणि पाइप बरेच आहेत, गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. तेल मोजायला डिपस्टिक नाही. गाडी सपाट जागी, इंजिन गरम असताना स्क्रीनवरच्या मेनूतून मोजावं लागतं. ते काम शेवटी.

मग सिग्नल. कम्फर्ट मोडमध्ये पाय हलका ठेवून थांबा-निघा करत पंधरा मिनिटं काढा. ऑटो स्टार्ट-स्टॉपनं डिझेल पुन्हा सुरू होताना सीटमध्ये हादरा जाणवतो, सहा सिलिंडरमध्ये तो जवळजवळ कळतही नाही. तिन्हींत झेडएफचा आठ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स आहे, त्यामुळे रांगताना झटके नसायला हवेत. दुसऱ्यावरून पहिल्यात उतरताना धक्का बसत असेल तर गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते विचारा. ‘लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं’ हे उत्तर हमखास मिळेल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते.

हायवेला लागलात की खरी परीक्षा. लिव्हर डावीकडे ओढून मॅन्युअलमध्ये या, चौथ्या गिअरमध्ये ४० च्या आसपास, म्हणजे साधारण १५०० आरपीएमवर गाडी स्थिर करा. मग अॅक्सिलरेटर दोन तृतीयांश दाबा. पेडलच्या तळाशी ‘टक्’ लागते तिथपर्यंत जाऊ नका, तिथे गिअर आपोआप खाली पडतो. ३२०डी एक क्षण थांबून एकदम ढकलते आणि साडेतीन हजारांवर आवाज वाढला तरी वेग वाढत नाही असं वाटू लागतं. ३३०आयचा ओढा सरळ रेषेत चढत जातो. एम३४०आय टर्बोची असूनही तिच्यात थांबा फार कमी जाणवतो आणि पाच हजारांपर्यंत टॉर्क ढळत नाही. स्पोर्ट मोडमध्ये केबिनमधल्या आवाजाचा काही भाग स्पीकरमधून येतो, त्यावर भुलू नका. काच खाली करून ऐका.

आता ऑटोमॅटिकमध्ये १०० वर आठव्या गिअरला या. आरपीएम जेमतेम १४५० ते १५०० असेल, डिझेलमध्ये थोडा कमी. पुढे मोकळा रस्ता पाहून ओव्हरटेकसारखा पाय द्या. इंजिन तेच, पण कम्फर्टमध्ये गिअर उतरायला लागणारा वेळ आणि स्पोर्टमधला वेळ यात जो फरक पडतो तोच रोज कामी येणारा फरक. आमच्या मते ३३०आय स्पोर्टमध्ये ठेवली की बहुतेकांना त्याहून मोठं इंजिन हवंहवंसं वाटायचं थांबतं.

घाटात हिशेब थोडा उलटतो. सहा सिलिंडरचं इंजिन लांब आणि जड, त्यामुळे उतारावरच्या आवळ वळणात एम३४०आयचं नाक आधी बाहेर सरकू पाहतं. वळणात शिरायच्या आधी ब्रेक संपवा, मध्यापासून हळू पाय द्या. मागचं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) गाडीला आत ओढतं आणि तिथून ती बाकी दोघींना मागे टाकते. पावसाळ्यात कोकणात वरचेवर जाणाऱ्याला एक्सड्राइव्हचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेचा, उपयोग तिथेच. चार सिलिंडरच्या गाड्या वळणात शिरताना हलक्या वाटतात. १०० वरून ४० वर जोरात ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्क खराब आहेत.

एक्सड्राइव्हसाठी एक तपासणी अजिबात चुकवू नका. मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून चालण्याच्या वेगानं दोन्ही बाजूंनी गोल फिरा. गाडी अडकून-सुटून धक्के देत असेल तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) तेल खराब झालेलं असतं किंवा टायर जुळत नसतात. चारही चाकांचा परीघ सारखा नसला की ट्रान्सफर केसमधला क्लच सतत घासत राहतो. मालकानं फक्त दोन टायर स्वस्तातले बदललेले असणं हे यामागचं नेहमीचं कारण. टायरच्या खाचांची खोली मोजणारा डेप्थ गेज दोनशे-तीनशे रुपयांना मिळतो, चारही टायर मोजा आणि ब्रँडही पाहा. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतील तर ते पुढे-मागे फिरवता येत नाहीत, म्हणजे झीज लवकर आणि बिल मोठं.

गतिरोधकावर मात्र इंजिनापेक्षा टायर बोलतो. रनफ्लॅटच्या (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणाऱ्या टायरच्या) कडा कडक असतात, त्यात हवा जास्त भरलेली असली की सस्पेन्शन बिघडल्यासारखं वाटतं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा करूनच मत बनवा. ग्रॅन लिमोझिन, म्हणजे थ्री सिरीजची लांब आवृत्ती, हीही पाहत असाल तर तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११० मिलिमीटरनं जास्त आहे हे लक्षात ठेवा. उंच गतिरोधकावर ती मध्यभागी घासते, म्हणून तिरकी चढवा.

डिझेल कुणी घ्यावी? ज्याचं रोजचं रनिंग हायवेवर आहे त्यानं. शहरात पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीनं भरतो, कारण ती जाळायला लागणारं तापमान धुराड्यात येतच नाही. गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतोय, अॅव्हरेज अचानक पडलंय, अशा वेळी जळण्याचं चक्र अर्धवट तुटत असणार. ओडोमीटर कमी दाखवणारी शहरी डिझेल म्हणूनच स्वस्तात मिळते. ईजीआर कूलरसाठी (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) कंपनीनं डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. ते काम या गाडीला लागू होतं का आणि झालंय का, हे चासी नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमधून काढून घ्या.

फेरी संपली की इंजिन लगेच बंद करू नका. सपाट जागी दोन मिनिटं चालू ठेवून स्क्रीनवर तेल मोजा. ३३०आयमध्ये सव्वापाच आणि एम३४०आयमध्ये साडेसहा लिटर तेल मावतं, तेव्हा पातळी किमान खुणेजवळ असेल तर मागच्या सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर विचारा. मग बॉनेट उघडून वास घ्या. गोडसर वास आला तर कूलंट कुठेतरी गरम धातूवर पडतोय. ऑइल फिल्टरच्या हाउसिंगखाली टॉर्च मारा, तिथे ओल दिसली तर भाव करायची वेळ तीच.