विंडोजचं ॲक्टिव्हेशन अडलंय? क्रॅक मारण्याआधी या चुका टाळा

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ (म्हणजे लायसन्स मायक्रोसॉफ्टकडून पडताळून घ्या) अशी पुसट अक्षरं उमटतात. आधी आपण दुर्लक्ष करतो. मग वॉलपेपर बदलता येत नाही म्हणून वैतागतो. आणि मग कुणीतरी पेनड्राईव्हवर एक छोटीशी फाइल, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा ‘क्रॅक’, आणून देतं. मी बरीच वर्षं लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. क्रॅक मारलेली जी मशीन्स माझ्याकडे आली, त्यांतल्या कितीतरींमध्ये मालकानं पैसे मोजून घेतलेलं खरं लायसन्स तसंच पडून होतं. ते कुणी पाहिलंच नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

घाबरून घाई करणं

विंडोज व्हिस्टा २००७ मध्ये आलं तेव्हा ॲक्टिव्हेशनची मुदत संपली की कॉम्प्युटर जवळपास वापरण्याजोगा राहत नसे. ब्राउझर तेवढा उघडायचा आणि तासाभरानं लॉग-आउट व्हायचं. पुढच्याच वर्षी पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये मायक्रोसॉफ्टनं ही सक्ती काढून टाकली, पण तिची धास्ती अजून लोकांच्या मनात आहे. विंडोज १० किंवा ११ ॲक्टिव्हेट नसेल तर कोपऱ्यात ती अक्षरं दिसतात आणि रंग, वॉलपेपर, थीम यांच्या सेटिंग्ज बंद होतात. फायली कुठे जात नाहीत, विंडोज ११ ला सुरक्षा अपडेटही येत राहतात (विंडोज १० ची नियमित अपडेट २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांसाठीच संपली). लायसन्सच्या अटींनुसार ॲक्टिव्हेशन करायलाच हवं, हे खरं. पण नीट विचार करून योग्य मार्ग शोधायला तुमच्या हाती वेळ असतो.

चूक दर वेळी तुमचीच असते असंही नाही. २४ ऑगस्ट २००७ ला मायक्रोसॉफ्टच्या पडताळणी सर्व्हरवर चुकून अर्धवट तयार कोड चढला आणि जवळपास १९ तास खरी एक्सपी आणि व्हिस्टा मशीन्स ‘नकली’ ठरत होती. ८ नोव्हेंबर २०१८ ला विंडोज १० प्रोच्या अनेक वापरकर्त्यांना ‘तुमचं लायसन्स होमचं (साध्या घरगुती आवृत्तीचं) आहे’ असा निरोप आला. तोही सर्व्हरचाच घोळ होता आणि तो लगेच निस्तरला गेला. त्या एका दिवसात ज्यांनी मशीन फॉरमॅट मारलं किंवा क्रॅक टाकला, त्यांनी चांगलं चाललेलं बिघडवून घेतलं. काल चालणारं मशीन आज अचानक ‘ॲक्टिव्हेट नाही’ म्हणत असेल आणि तुम्ही त्यात काहीच बदललं नसेल, तर एक दिवस थांबा.

थांबण्याआधी घड्याळ मात्र बघून घ्या. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही आणि ॲक्टिव्हेशन फसतं. तारीख, वेळ आणि टाइमझोन नीट करून पुन्हा प्रयत्न करा. इतक्या साध्या कारणासाठी विंडोज नव्यानं टाकलेलं मी पाहिलंय.

आपलं लायसन्स कोणत्या जातीचं, हे न बघणं

ॲक्टिव्हेशनच्या बहुतेक अडचणी इथेच उगम पावतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

२००१ साली विंडोज एक्सपी येईपर्यंत एक सीडी आणि तिच्या पाकिटावरची ‘की’ (लायसन्सचा अक्षरं-आकड्यांचा क्रमांक) दहा मशीनला चालून जायची. एक्सपीनं मशीनची ओळखच त्या कीशी बांधली. प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, रॅम अशा १० गोष्टींवरून एक छोटा सांकेतिक आकडा तयार व्हायचा आणि तो कीसोबत नोंदवला जायचा. ॲक्टिव्हेट करायला ३० दिवसांची मुदत असे. थोडे भाग बदलले तर चालायचं, फार बदलले तर मशीन नवीन समजलं जायचं. आजची व्यवस्था खूप पुढे गेली आहे, पण प्रश्न तोच आहे: हे लायसन्स ज्या मशीनचं, तेच हे मशीन आहे का?

या प्रश्नाचं उत्तर लायसन्सच्या जातीवर ठरतं. रिटेल, म्हणजे सुटं विकत घेतलेलं लायसन्स जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं, मात्र एका वेळी एकाच मशीनवर. ओईएम म्हणजे मशीनसोबत आलेलं. ते त्या मशीनच्या मदरबोर्डाशी जन्मभर बांधलेलं असतं. विंडोज ८ पासून मोठ्या उत्पादकांच्या लॅपटॉपमध्ये ही की थेट मदरबोर्डाच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) कोरलेली असते, त्यामुळे मशीनखालचा स्टिकर गेला. व्हॉल्यूम लायसन्स संस्थांसाठी असतं आणि ते संस्थेच्या मालकीचं राहतं.

आपलं कोणतं, हे बघायला एक मिनिट पुरतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत ‘एसएलएमजीआर’ टाइप करा, मग एक जागा, तिरकी रेघ आणि ‘डीएलआय’ (slmgr /dli). एक छोटी खिडकी उघडते. त्यातल्या वर्णनाच्या ओळीत रिटेल, ओईएम की व्हॉल्यूम हे लिहिलेलं असतं. घरच्या, स्वतः विकत घेतलेल्या लॅपटॉपवर तिथे ‘व्हॉल्यूम’ आणि ‘केएमएस’ (संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून होणारं ॲक्टिव्हेशन) दिसलं, तर त्या मशीनवर कधीतरी कुणीतरी क्रॅक मारला आहे असं जवळजवळ निश्चित समजा.

चुकीची आवृत्ती टाकणं

लॅपटॉप होम आवृत्तीचा असतो. मशीन संथ झालं म्हणून कुणीतरी ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ म्हणतं आणि हाताशी आहे ती प्रो आवृत्ती टाकतं. फर्मवेअरमधली की होमची, वर बसलेलं विंडोज प्रो. ॲक्टिव्हेशन होणारच नाही. मग ‘याची की गेली’ असा निदानाचा शिक्का बसतो आणि क्रॅक येतो. की कुठेही गेलेली नसते.

उपाय अगदी सरळ आहे. विंडोजची इन्स्टॉलेशन फाइल मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावर सर्वांसाठी मोफत उपलब्ध आहे. पैसे लायसन्सचे असतात, त्या फाइलचे नव्हेत. हे ठाऊक नसल्यामुळेच लोक टॉरेंटवरच्या ‘लाइट’ आणि ‘गेमर’ नावांच्या आवृत्त्या उतरवतात. त्यांतून कुणी काय काढलंय आणि काय घातलंय, हे तपासायची सोय आपल्याकडे नसते. अधिकृत फाइलवरून पेनड्राईव्ह बनवा. फर्मवेअरमध्ये की असेल तर सेटअप सहसा आवृत्ती विचारतही नाही, योग्य ती स्वतःच निवडतो. पूर्वी डिजिटल लायसन्सनं (कीऐवजी मशीनच्या ओळखीवर नोंदलेल्या लायसन्सनं) ॲक्टिव्हेट झालेलं मशीन असेल तर सेटअप की मागेल तेव्हा ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय घ्या आणि आधीचीच आवृत्ती निवडा. इंटरनेट जोडल्यावर ॲक्टिव्हेशन आपोआप होतं.

मदरबोर्ड बदलल्यावर जागं होणं

एसएसडी किंवा रॅम बदलल्यानं सहसा काही होत नाही. मदरबोर्ड बदलला की मशीनची ओळखच बदलते आणि एफ२११ नं संपणारा एरर कोड येतो. इथे तयारी आधी करावी लागते: दुरुस्तीला देण्यापूर्वी मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन करा आणि सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर, डिजिटल लायसन्स खात्याशी जोडलं गेल्याचं वाक्य दिसतंय का बघा. ही सोय २०१६ च्या ऑगस्टमधल्या विंडोज १० च्या अपडेटपासून आहे. ती केलेली असेल तर बोर्ड बदलल्यावर त्याच पानावरच्या ट्रबलशूटरमध्ये ‘मी नुकतंच हार्डवेअर बदललंय’ हा पर्याय निवडून जुन्या मशीनचं नाव शोधता येतं. ट्रबलशूटर दिसतच नसेल तर तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर खात्यात आहात का ते पाहा.

ओईएम लायसन्स मात्र दुसऱ्या बोर्डावर नेता येत नाही. उत्पादकानं वॉरंटीत बिघडलेल्या बोर्डाच्या जागी नवा बसवला असेल तर लायसन्स पुन्हा चालू करून देणं हे त्याचं काम. मशीन ताब्यात घेण्यापूर्वीच ॲक्टिव्हेशन झालेलं दाखवायला सांगा.

कुठूनतरी आलेली स्वस्त की

अगदी नगण्य किमतीला मिळणाऱ्या की अनेकदा एखाद्या संस्थेच्या व्हॉल्यूम कोट्यातून बाहेर पडलेल्या असतात. काही महिने सगळं छान चालतं. मग मायक्रोसॉफ्ट ती की बंद करतं आणि सी००३ नं संपणारा कोड येतो, किंवा तिची मशीनसंख्या संपते आणि सी००८ येतो. विकत घेणाऱ्याला वाटतं आपण पैसे दिले, म्हणजे लायसन्स आपलं झालं. त्याची फसवणूकच झालेली असते. एफ०७४ आला तर मशीन संस्थेचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर शोधतंय आणि तो त्याला सापडत नाही. नोकरीच्या ठिकाणचा लॅपटॉप घरून वापरताना हे होऊ शकतं. केएमएस पद्धतीचं ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं आणि मशीन दर ७ दिवसांनी ते नव्यानं वाढवून घ्यायचा प्रयत्न करतं, म्हणून संस्थेच्या नेटवर्कला किंवा व्हीपीएनला अधूनमधून जोडलं की काम भागतं.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एकाच मशीनची प्रतिमा (डिस्कची हुबेहूब नक्कल) जशीच्या तशी ३० मशीन्सवर ओतली तर केएमएस सर्व्हरच्या लेखी ती सगळी मिळून एकच ठरतात, कारण सर्वांचा क्लायंट आयडी सारखाच असतो. किमान २५ मशीन्सचा आकडा भरत नाही आणि एकही ॲक्टिव्हेट होत नाही. प्रतिमा काढण्याआधी सिसप्रेप या विंडोजच्याच साधनातला जनरलाइझ पर्याय वापरायला विसरू नका.

जुन्या गेमसाठी बंद केलेलं दार उघडणं

२००० च्या दशकातल्या कितीतरी गेमच्या सीडींवर सेफडिस्क नावाचं कॉपीविरोधी कुलूप होतं. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालायचा. त्यात सुरक्षेचं भगदाड होतं, म्हणून विंडोज १० मध्ये तो दिलाच नाही आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये आधीच्या विंडोजवरही अपडेटनं बंद केला. परिणामी कपाटातली खरी, विकत घेतलेली सीडी चालत नाही. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. प्रामाणिक ग्राहकाला शिक्षा करणारं कुलूप वाईटच. तरीही तो जुना ड्रायव्हर शोधून चालू करू नका आणि अनोळखी ठिकाणचा ‘नो सीडी’ पॅच टाकू नका. अशा बऱ्याच गेम आता कुलूप काढून अधिकृतपणे पुन्हा विकल्या जातात. नाहीच मिळाली तर इंटरनेटशी न जोडलेलं जुनं मशीन त्यासाठी बाजूला ठेवा.

आणि क्रॅक

क्रॅकची पहिली सूचना नेहमी तीच असते: अँटिव्हायरस बंद करा. दुसरी: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. आपण घराचा पहारेकरी हटवतो आणि अनोळखी माणसाच्या हाती सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या देतो. बहुतेक क्रॅक मशीनवरच खोटा केएमएस सर्व्हर उभा करतात. त्यामुळे कोपऱ्यातली अक्षरं खरोखर जातात आणि विश्वास बसतो. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीनं केएमएसपिको या प्रसिद्ध क्रॅकच्या इन्स्टॉलरसोबत क्रिप्टबॉट येत असल्याचं दाखवून दिलं. क्रिप्टबॉट ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरतो.

त्याहून सावकाश होणारं नुकसान म्हणजे, क्रॅक उडू नये म्हणून लोक अपडेट बंद करतात. मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ ला एका भगदाडासाठी दुरुस्ती दिली होती. १२ मे ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच भगदाडातून शिरला आणि सुमारे १५० देशांतल्या मशीन्सवरच्या फायली कुलूपबंद केल्या. दुरुस्ती लावायला जवळपास दोन महिने मिळाले होते. ज्यांचे अपडेट बंद होते, त्यांना ते मिळूनही उपयोग नव्हता.

क्रॅक आधीच मारलेला असेल तर तो ‘अनइन्स्टॉल’ करून भागत नाही. माझ्याकडे एका बाईंचा लॅपटॉप आला होता. तक्रार एवढीच, की पंखा सतत फिरतो. विंडोज सिक्युरिटीत ‘वगळलेल्या जागां’ची यादी उघडली तर तिथे अख्खा सी ड्राइव्ह होता. म्हणजे अँटिव्हायरस चालू दिसत होता, पण काहीच तपासत नव्हता. टास्क शेड्युलरमध्ये दर थोड्या वेळानं जागी होणारी दोन अनोळखी कामं होती. होस्ट्स फाइलमध्ये ॲक्टिव्हेशन सर्व्हरचे पत्ते अडवून ठेवले होते. अशा मशीनवर एकेक गोष्ट उपटत बसण्यात अर्थ नसतो. काय राहून गेलं याची खात्री देता येत नाही.

आधी फोटो, कागदपत्रं, हिशेब अशा फक्त स्वतःच्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढा. प्रोग्राम आणि इन्स्टॉलर घेऊ नका. त्या फायली दुसऱ्या स्वच्छ मशीनवर स्कॅन करा. दुसऱ्याच मशीनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, सगळीकडून लॉग-आउट करा, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. मग अधिकृत फाइलवरून बनवलेल्या पेनड्राईव्हनं सुरुवात करून जुनी सगळी पार्टिशनं काढून टाका आणि विंडोज नव्यानं टाका.

बाईंच्या लॅपटॉपवर मी हेच केलं. त्यावर आधी प्रो होतं, पण सेटअपनं आवृत्ती न विचारता थेट होम सुरू केली. वायफाय जोडलं, ॲक्टिव्हेशनचं पान उघडलं, तर ‘विंडोज ॲक्टिव्हेटेड आहे’ असं तिथे आधीच लिहिलेलं होतं. ‘की कुठून आणलीत?’ बाईंनी विचारलं. मी म्हटलं, ‘ती पहिल्या दिवसापासून यातच होती.’