नवं कौशल्य शिकायचंय? आधी रोजच्या कामाच्या शेजारी बघा

"कोणता कोर्स करू?" दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापुरात हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. तिशी-पस्तिशीतली माणसंही तो विचारतात, फक्त जरा हळू आवाजात. समोरचा लगेच एखाद्या कोर्सचं नाव सांगून मोकळा होतो. माझं मत विचाराल तर कोर्सचं नाव सगळ्यात शेवटी ठरवावं. आज तुम्ही जे काम करता, त्याला अगदी लागून असलेलं कोणतं काम तुम्हाला येत नाही, ते आधी शोधा. अशा कामाचं निम्मं ज्ञान तुमच्याकडे असतंच, त्यामुळे शिकणं लवकर होतं आणि उपयोगही लवकर दिसतो.

पायरी 1: काम कुठे अडतं ते आठवडाभर लिहा

एक वही घ्या. दिवसभरात "हे मला येत नाही, दुसऱ्याला विचारावं लागतं" असं जिथे जिथे झालं, तिथे एक ओळ लिहा. नव्या पेठेतल्या दुकानात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करणारा मुलगा लिहील : जीएसटीचं रिटर्न आलं की सीएच्या ऑफिसची वाट बघावी लागते. चादरीच्या कारखान्यातला जकार्डवरचा (नक्षी विणणाऱ्या मागावरचा) कामगार लिहील : डिझाइन बदलायचं म्हटलं की कॉम्प्युटरवर बसणारा माणूस लागतो. गणवेशाच्या युनिटमध्ये शिलाई करणारी बाई लिहील : कटिंग मास्तर आले नाहीत तर सगळ्या मशिनी रिकाम्या.

आठवड्यानंतर जी ओळ पुन्हा पुन्हा आलेली दिसेल, तेच तुमचं कौशल्य. "मला काहीतरी मोठं करायचंय" हे वाक्य वहीत लिहू नका, त्याने काहीच ठरत नाही.

पायरी 2: ते काम करणाऱ्या दोघा-तिघांना गाठा

मास्तर, अण्णा, अक्का, ज्यांना जे म्हणत असाल त्यांना चहाच्या वेळी विचारा. पहिल्या महिन्यात तुम्ही काय शिकलात? नवखा माणूस कुठे चुकतो? हे काम नीट झालंय हे तुम्ही कशावरून ओळखता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं असतं, कारण पुढे स्वतःचं काम तपासायला तीच फूटपट्टी लागणार असते. काही मास्तर हातचं राखून सांगतात, त्याचा राग धरू नये. त्यांनीही ती विद्या वर्षानुवर्षं घासून मिळवलेली असते.

पायरी 3: कौशल्याचं रूपांतर एका वस्तूत करा

इथे थोडं थांबतो, कारण बहुतेकांचं शिकणं इथेच भरकटतं. "फॅशन डिझायनिंग शिकायचं" हे ध्येय फार पसरट आहे. त्याऐवजी लिहा : "शाळेच्या हाफ शर्टचा पॅटर्न 28, 30 आणि 32 या तीन साईजमध्ये मला स्वतःला काढता आला पाहिजे." पॅटर्न म्हणजे कापड कापण्यासाठी काढलेला कागदी नमुना. आता काय शिकायचं ते आपोआप समोर येतं. मापं घेणं, पुढचा भाग, पाठ, बाही, कॉलर, खिसा, शिलाईसाठी सोडायची मार्जिन, एका साईजवरून दुसरी काढणं आणि शेवटी कमीत कमी कापड वाया जाईल अशी सगळ्या तुकड्यांची मांडणी.

कटिंग मास्तरला मान का, तेही यातून कळतं. शिलाई चुकली तर एक शर्ट उसवावा लागतो. युनिटमध्ये मात्र कापडाचे अनेक थर एकावर एक अंथरून एकदम कापतात, त्यामुळे तिथे बोटभर चूक झाली की सगळेच थर बिघडतात. म्हणून सराव आधी खाकी कागदावर करायचा, मग मांजरपाटावर आणि खऱ्या कापडावर सगळ्यात शेवटी.

टॅलीवाल्यासाठी ती वस्तू म्हणजे एका महिन्याची खरेदी-विक्री जुळवून तयार केलेलं रिटर्न. ते भरण्यापूर्वी जाणकाराला दाखवायचं. इंग्रजी शिकणाऱ्यासाठी टॉवेलच्या ऑर्डरची चौकशी, दर, उशिराचा खुलासा अशी वीस पत्रं. "फाडफाड इंग्रजी"च्या पाट्यांवर माझा फारसा विश्वास नाही, आपल्या धंद्यातली वीस पत्रं ज्याला येतात त्याचं काम चालतं.

भाषेवरून सोलापूरच्याच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं उदाहरण आठवतं. 1910 साली इथे जन्मलेले कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथे चिनी भाषा शिकले. समोर जखमी सैनिक होते, हाताखाली विद्यार्थी होते. भाषा आल्याशिवाय काम पुढे सरकणारच नव्हतं. तुमच्या कौशल्याचीही अशी कोणाला तरी समोर गरज असेल, अशी सोय करून घ्या.

पायरी 4: आता कुठे शिकायचं ते बघा

पूर्ण वेळ देता येत असेल तर आयटीआय उत्तम. सुइंग टेक्नॉलॉजी (शिवणकाम) आणि कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) हे ट्रेड एक वर्षाचे, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा. हात कामातच तयार झालेत पण कागद नाही, अशांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आरपीएल, म्हणजे आधीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची सोय ठेवली आहे. त्यात चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात शिकताना विद्यावेतन मिळतं. नोकरी सांभाळून पदवी हवी असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स फुकट शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र फी पडते.

खासगी क्लास लावणार असाल तर आधी एक दिवस बसून बघा. मशीनवर किंवा कॉम्प्युटरवर प्रत्यक्ष किती वेळ मिळतो ते मोजा आणि फी हप्त्याने, पावती घेऊनच द्या. "शंभर टक्के नोकरी" असं कोणी म्हणालं की तिथून उठावं.

पायरी 5: वेळ थोडा, पण ठरलेला

रोज पाऊण तास पुरतो. उन्हाळ्यात तो सकाळी काढा. पारा चाळिशी ओलांडून गेल्यावर पत्र्याच्या खोलीत दुपारी डोकं चालत नाही. आणि नळाला पाणी येण्याचा दिवस हिशेबात धरूच नका, त्या दिवशी घरात कोणाचंच काही शिकून होत नाही!

व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. ही फसगत आहे. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्याच जास्त लक्षात राहिलं. तेव्हा व्हिडिओ एकदा बघा, फोन पालथा ठेवा आणि न बघता करून पाहा. अडाल तिथेच फक्त पुन्हा बघा. तेच काम दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने परत करा.

आठवड्यातून एकदा केलेलं काम मास्तरांसमोर ठेवा. "कसं झालंय?" विचारलं तर "बरंय" एवढंच ऐकायला मिळेल. "यात तुम्ही पहिल्यांदा काय बदलाल?" असं विचारा.

पायरी 6: धंद्याचा हंगाम बघून सुरुवात करा

गणवेशाच्या धंद्यात जूनमध्ये शाळा उघडण्याआधीचे महिने धावपळीचे. तेव्हा तुम्हाला शिकवायला कोणाला फुरसत नसते आणि तुमच्या हाती कापड द्यायची मालकाची हिंमतही नसते. म्हणून दिवाळीनंतर लगेच सुरुवात करा. जानेवारीत सिद्धेश्वरांचा गड्डा (यात्रा) भरेपर्यंत एका साईजचा पॅटर्न बिनचूक जमला पाहिजे. तोवर नुसता कंटाळाच आला असेल, हात वळतच नसेल, तर पहिल्या पायरीवरची वही उघडून दुसरी ओळ निवडा. यात कमीपणा काही नाही.

जमलं असेल तर मार्चच्या सुरुवातीला मालकांना भेटा. पगारवाढीचा विषय त्या दिवशी काढू नका. बनवलेले तीन पॅटर्न आणि शिवलेला एक नमुना टेबलावर ठेवा आणि म्हणा, "शेठ, एखादी लहान ऑर्डर मला कापायला द्या, थर अंथरल्यावर मास्तर एकदा तपासतील." ऑर्डर नीट पार पडली की किती कापड लागलं आणि किती वाचलं ते वहीत लिहून ठेवा. दराची बोलणी करायला बसाल तेव्हा हीच वही सोबत न्या.