फ्रान्समधले शातो आणि त्यांच्या बागा: या चुका टाळा

एका दिवसात चार शातो, म्हणजे इथले जुने महाल. पुण्या-मुंबईहून ल्वार नदीच्या खोऱ्यात येणाऱ्या मंडळींचा बेत बहुतेक वेळा हाच असतो. सकाळी शांबोर, मग शव्हेर्नी, जेवून शनोंसो आणि संध्याकाळी व्हिलांद्री. नकाशावर चारही ठिपके जवळजवळ दिसतात. प्रत्यक्षात शांबोर ते व्हिलांद्री हेच अंतर शंभरेक किलोमीटर भरतं. शिवाय प्रत्येक ठिकाणी गाडी लावायची, तिकिटाच्या रांगेत थांबायचं आणि दारापर्यंत चालायचं. यात वेळ कशाचा कापला जातो? बागेचा. महालाच्या खोल्या धावत का होईना सगळे बघतात, आणि बाग जाता जाता खिडकीतून. माझं म्हणणं एवढंच आहे की बाग हा शातोचा अर्धा भाग आहे. ती सोडलीत तर शातो अर्धाच पाहिलात.

आमच्या ओळखीचं साताऱ्याचं एक कुटुंब आलं होतं. काकूंची घरच्या गच्चीवर वांगी, दोडका, अळू अशी हौसेची लागवड. या सगळ्या प्रवासात त्यांना एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे व्हिलांद्रीची भाजीची बाग. मुलाने मात्र चार शातोंचा बेत आखला आणि व्हिलांद्री शेवटी ठेवलं. सकाळी तिथूनच सुरुवात करा, असं मी परोपरीने सांगितलं, पण "वाटेत बाकीचे येतातच की," हे उत्तर ठरलेलं. पोचलो तेव्हा महालाचा प्रवेश बंद झाला होता. बाग उघडी होती, पण शांबोर आणि शनोंसोचे जिने चढून काकूंच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. पहिल्या दोन वाफ्यांपर्यंत त्या आल्या आणि बाकावर बसल्या. "मी इथूनच बघते रे," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळची पॅरिसची गाडी होती, म्हणजे पुन्हा येणं नाहीच. मुलाने भरपूर फोटो काढले. मला त्याचा आजही राग येतो.

राग अशासाठी, की व्हिलांद्रीची भाजीची बाग जमिनीवरून कळतच नाही. जोआकिम कार्व्हालो या स्पॅनिश डॉक्टरने १९०६ मध्ये हा शातो विकत घेतला, आपलं संशोधन सोडलं आणि इथली इंग्रजी धाटणीची बाग काढून सोळाव्या शतकाच्या पद्धतीची बाग पुन्हा उभी केली. सारख्या आकाराचे नऊ चौकोन, पण प्रत्येकाची आतली नक्षी वेगळी. लाल कोबी, निळसर लीक (कांद्याच्या जातीची भाजी), बीट, गाजराचा हिरवा पाला असे रंग शेजारी शेजारी लावून ती भरलेली असते. लागवड वर्षातून दोनदा होते, एकदा वसंतात आणि एकदा उन्हाळ्यात. बाकावरून फक्त कोबीच्या रांगा दिसतात. नक्षी दिसायची तर उंचावर जायला हवं.

म्हणूनच नुसत्या बागेचं तिकीट काढून पैसे वाचवणं मला पटत नाही. जुना बुरूज महालाच्या बाजूला आहे आणि सगळ्यात चांगलं दृश्य त्याच्या माथ्यावरून दिसतं. मी दोन्हींचं तिकीट काढते, आधी बुरूज चढते, वरून नक्षी नीट पाहून घेते आणि मग खाली वाफ्यांमध्ये फिरते. शांबोरलाही तेच. २०१७ मध्ये तिथली अठराव्या शतकातली आखीव बाग पुन्हा तयार केली आहे, ती गच्चीवरून बघा. दिवसाला दोनच शातो, आणि ज्याची बाग मोठी तो सकाळी.

दुसरी चूक याच्या उलटी, आणि ती पॅरिसजवळच्या व्हो-ल-व्हिकोंतला होते. लोक महालाच्या पायऱ्यांवर उभे राहतात, समोरचा देखावा डोळ्यांत भरून घेतात आणि "बाग झाली" म्हणून परततात. आंद्रे ल नोत्रने ही बाग डोळ्यांना फसवण्यासाठीच आखली आहे. पायऱ्यांवरून वाटतं, की पाण्याच्या चौकोनी हौदामागे लगेच दगडी कमानींची भिंत आहे. चालत गेलात की ती भिंत मागे मागे सरकत जाते आणि मधे अचानक खाली एक आडवा कालवा उघडतो, जवळजवळ एक किलोमीटर लांब. पायऱ्यांवरून त्याचा मागमूसही नसतो. तो ओलांडता येत नाही, कडेने वळसा घालून पलीकडच्या चढावर हर्क्युलिसच्या पुतळ्यापाशी जावं लागतं. तिथून मागे वळून महाल बघायचा. या बागेचा मालक निकोला फुके याने १७ ऑगस्ट १६६१ ला चौदाव्या लुईला इथे मेजवानी दिली आणि तीनच आठवड्यांत तो कैदेत गेला. राजाने पुढे त्याच ल नोत्रला व्हर्सायच्या कामाला लावलं. गुडघे दुखत असतील तर भाड्याची छोटी गाडी जरूर घ्या. पाय धड असतील तर चाला, कारण अंतर कसं फसवतं हे पायांनाच कळतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. आझे-ल-रिदोसारखे सरकारी शातो १ मे रोजी बंद असतात, आणि आपल्या शाळांच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच. खेड्यातली खानावळ दुपारी बारा ते दोन, नंतर चूल बंद. तीन वाजता पोचून कुरकुर करू नका, डबा बरोबर ठेवा. वाटा खडीच्या आहेत, नव्या चपला घालून येऊ नका. ल्वारकाठच्या शोमों शातोतला बागांचा महोत्सव १९९२ पासून दरवर्षी भरतो, तो साधारण एप्रिलअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. हिवाळ्यात जाऊन तो शोधत फिरणारे मी पाहिलेत. गाडी भाड्याने घेताना ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच तसं सांगा, नाहीतर हाताने गिअर बदलायची गाडी मिळते, तीही डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची.

गाडी चालवायची नसेल तर पॅरिसहून बसने दिवसाची सहल करण्यापेक्षा आगगाडीने ल्वारच्या खोऱ्यातल्या तूर शहराला या आणि तिथेच मुक्काम करा. शनोंसोचं स्टेशन शातोच्या दाराशीच आहे. पण त्या मार्गावर गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा उतरल्या उतरल्या आधी परतीची वेळ बघा आणि मगच तिकिटाच्या खिडकीकडे वळा.