ओपन साइट, पीप की स्कोप? रायफलवर काय लावायचं हे ठरवताना या चुका टाळा

रेंजवर नवीन माणूस आला की दहा मिनिटांत विचारतोच, "सर, स्कोप (रायफलवरची दुर्बीण) कुठला घेऊ?" आणि मी दरवेळी आधी हेच विचारतो की मारायचं काय आहे, किती अंतरावर आणि कशासाठी. हे न ठरवता सामान घेतलं की पैसे जातात आणि वर पोराचा हुरूपही जातो, आणि हुरूप गेला की तो परत आणायला फार वेळ लागतो.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायची स्पर्धा) ब्राँझ मेडल घेतलं. त्याच्या रायफलवर मागे डोळ्याजवळ जे जाड नळकांडं दिसतं ना, ते खूप जणांना स्कोप वाटतं. तो स्कोप नाहीये! ती पीप साइट, म्हणजे डायॉप्टर. मागे एक बारीक भोक, पुढे नळीच्या टोकाला एक रिंग, त्या रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल बसवायचा, बस. मोठं करून दाखवणारं काही नाही. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं, आणि ते पोरं असं मारतात. आपल्या कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (पोटावर झोपून मारायची) वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली तीही अशीच साइट लावून.

पहिली चूक, आणि सगळ्यात महागातली

स्पर्धेसाठी पोराला स्कोपवाली रायफल घेऊन देणं. मागच्या वर्षी एक वडील आले, पोरगी आठवीत, हातात नवीकोरी स्प्रिंगची एअर रायफल आणि वर ३-९×४० चा, म्हणजे तीन ते नऊपट मोठं दाखवणारा स्कोप. "सर, चालेल ना ही?" मी बघितलं तर त्या रायफलीला ओपन साइटची मागची खाचही नव्हती आणि नळीच्या टोकाची माशीही नव्हती, स्कोपसोबत विकायचीच म्हणून कंपनीनं दिलीच नव्हती. दुकानदारानं त्यांना हे सांगितलं नव्हतं. १० मीटर आणि ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमात दुर्बीण चालत नाही. फार तर नजरेच्या नंबरासाठी मागच्या साइटला एक भिंग लावता येतं, किंवा चष्मा घाला. स्कोप चालतो तो रनिंग टार्गेटमध्ये, आणि ती स्पर्धा आपल्याकडची शाळेतली पोरं खेळत नाहीत.

शालेय स्पर्धांत ओपन साइट आणि पीप साइट असे वेगवेगळे गट असतात. म्हणून आधी क्लबमध्ये जा, कोच कुठल्या गटात उतरवणार आहेत ते विचारा, पहिले काही महिने क्लबचीच रायफल वापरा आणि मग खरेदी करा. त्या मुलीला आम्ही क्लबची ओपन साइटवाली दिली, आता ती मजेत मारते, पण वडिलांचे पैसे अडकले ते अडकलेच, याचं मला अजून वाईट वाटतं.

ओपन साइटवर नजर चुकीच्या जागी

ज्यांनी एनसीसी केलीय त्यांना उस्तादांनी "शिस्त, शिस्त" (म्हणजे नेम धरणं) म्हणून घोकून घेतलेलं आठवत असेल. मागच्या खाचेत पुढची माशी मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड एका रेषेत. आता डोळा एका वेळी एकच गोष्ट स्वच्छ बघू शकतो, आणि नवीन माणूस हमखास टार्गेट स्वच्छ बघतो, कारण मारायचं तिथेच आहे असं वाटतं. माशी धूसर होते आणि खाचेत जराशी सरकली तरी कळत नाही.

हे जरासं म्हणजे किती ते हिशोबानं बघा. खाच आणि माशी यांच्यात ५० सेंटिमीटर अंतर धरलं तर १० मीटर म्हणजे त्याच्या वीसपट. माशी खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली की छर्रा टार्गेटवर १० मिलिमीटर बाजूला जातो. आंतरराष्ट्रीय १० मीटरच्या टार्गेटवर प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरची, म्हणजे चार रिंग गेल्या! आणि उलट माशी खाचेत बरोबर असेल पण अख्खा हात ३ मिलिमीटर हलला तर छर्राही ३ मिलिमीटरच हलतो. म्हणून टार्गेट धूसर दिसू द्या, माशीची वरची कड मात्र वस्तऱ्यासारखी स्वच्छ दिसली पाहिजे. हे एकदा पोराला पटलं की त्याचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या छर्ऱ्यांचा पुंजका, आठवड्याभरात लहान होतो, मी कितीतरी जणांचा होताना बघितलाय.

याच्याच जोडीची एक चूक म्हणजे कधी काळ्या गोलाच्या खाली नेम धरायचा आणि कधी मध्ये. काळ्यावर काळी माशी दिसत नाही म्हणून गोलाच्या खाली पांढऱ्याची बारीक फट ठेवून धरा, आणि मग तेच कायम ठेवा.

संध्याकाळी एका बाजूनं ऊन आलं की माशीची एक कड चमकते आणि डोळा त्या चमकलेल्या कडेला फसतो. दुपारी बरोबर लागणारी रायफल संध्याकाळी बाजूला जाते ती यामुळे, त्यात साइट बिघडलेली नसते. जुने लोक कापूर पेटवून त्याची काजळी माशीवर धरायचे, चकाकी साफ जाते. रायफल रिकामी आहे ना हे दोनदा बघून, आणि माशी धातूचीच असेल तरच हे करा, प्लास्टिकची असेल तर वितळेल.

स्कोपनं हात स्थिर होत नाही

स्कोप लावला की नऊपट मोठं दिसतं, मग हाताचं थरथरणंही नऊपट दिसतं. हात पूर्वीही तेवढाच हलत होता, फक्त तेव्हा दिसत नव्हता. मग माणूस काय करतो, क्रॉस (स्कोपमधली फुली) बरोबर मध्ये आला की त्या क्षणाला चाप खेचतो, आणि खेचल्यामुळेच शॉट जातो. पॉवर ४ वर आणा, हललं तर हलू द्या, आणि चाप सावकाश दाबत राहा.

१० मीटरवर स्कोपची अजून एक गोम आहे. बरेचसे साधे स्कोप १०० यार्डासाठी फोकस केलेले असतात, त्यामुळे १० मीटरवर चित्र धूसर येतं आणि डोकं जरा इकडेतिकडे झालं की क्रॉस टार्गेटवर सरकल्यासारखा दिसतो. यालाच पॅरलॅक्स म्हणतात. पुढच्या बाजूला किंवा कडेला फोकसची रिंग असलेला आणि १० यार्डापर्यंत खाली येणारा स्कोपच घ्या. आणि क्लिकचं, म्हणजे स्कोपच्या नॉबच्या एकेका टप्प्याचं गणित नीट समजून घ्या, बॉक्सवर पाव इंच लिहिलेलं असतं ते १०० यार्डाला. १० मीटरवर एक क्लिक म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर. छर्रे १४ मिलिमीटर डावीकडे लागत असतील तर वीस क्लिक फिरवावे लागतात, लोक दोन फिरवतात आणि म्हणतात स्कोप खराब निघाला.

स्प्रिंगची रायफल आणि साधा स्कोप

हे मी स्वतः भोगलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्प्रिंगच्या एअर रायफलला दोन झटके असतात, पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाला आपटला की पुढे जाते. साधे स्कोप एकाच दिशेचा झटका सोसायला बनवलेले असतात, हा उलटा झटका त्यांना सोसत नाही, आतली भिंगं किंवा क्रॉस ढिला होतो. माझा एक स्कोप असाच गेला. आधी दोन डबे छर्रे मारून झाले, रोज झिरो करायचो (नेम तिथेच छर्रा लागेल असा स्कोप जुळवायचो) आणि रोज ग्रुप कुठेतरी वेगळाच पडायचा, मला वाटायचं माझाच श्वास चुकतोय. शेवटी एका ज्येष्ठ सरांनी माउंटच्या (स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या) मागे पट्टीवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून दिली आणि म्हणाले पन्नास शॉट मार. पन्नास शॉटनंतर बघितलं तर ती रेघ माउंटखाली गडप झाली होती, म्हणजे अख्खा माउंट मागे सरकत होता! सरकता सरकता स्कोप आतूनही ढिला झाला होता, नवीन माउंट लावूनही तो शेवटपर्यंत सुधारला नाही.

स्प्रिंगची रायफल असेल तर स्कोप एअरगनसाठीचाच असल्याची खात्री करा, माउंट एकसंध घ्या आणि त्याला मागे सरकू न देणारी अडकण असू द्या. पीसीपीला, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीला, असा झटका नसतो, तिथे ही चिंता नाही.

पीपवर जाताना

पुढची रिंग बारीक घेतली की नेम जास्त बारीक लागेल असं वाटतं, प्रत्यक्षात काळा गोल रिंगला सारखा घासत राहतो, डोळा गोंधळतो आणि चाप दाबायची हिंमतच होत नाही. काळ्याभोवती पांढरं व्यवस्थित दिसेल एवढी मोठी रिंग घ्या. गाल दस्त्यावर रोज त्याच जागी टेकला पाहिजे, आणि मान ताणून भोकाला डोळा चिकटवू नका, साइट मागेपुढे सरकवून डोळ्यापाशी आणा.

शॉट भरकटायला लागले तर

साइटच्या नॉबला लगेच हात लावू नका. एका शॉटवर तर कधीच नाही. आधी दस्त्याचे स्क्रू बघा, स्प्रिंगच्या रायफलीचे ते फार ढिले होतात, मग साइटचे किंवा माउंटचे, मग छर्ऱ्यांचा डबा बदललाय का ते. त्यानंतर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून पाच शॉट मारा. पाचही एका जागी पण बाजूला पडले तर साइट फिरवा. पाचही विखुरले तर साइट फिरवून काहीच होणार नाही, दोष रायफलमध्ये, छर्ऱ्यात नाहीतर धरण्यात आहे. स्कोपचा मला सगळ्यात मोठा उपयोग इथेच वाटतो, क्लबमधल्या कुणाचा तरी चांगला स्कोप तासभर लावून टेकवून मारलं की नजरेची चूक बाजूला होते आणि रायफल खरंच किती मारते ते कळतं.

आणि चाळिशी उलटलेल्यांसाठी एक. माशी दिसत नाही म्हणून घाईनं स्कोप घेऊ नका. रायफल नेहमीसारखी खांद्याला लावा, दुसऱ्या कुणाला तरी डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर टेपनं मोजायला सांगा, आणि तो आकडा घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. वाचायच्या चष्म्याचा नंबर पुस्तकाच्या अंतरासाठी असतो, माशी त्याच्या दुपटीपेक्षा लांब असते, म्हणून तो चष्मा घालून ती दिसत नाही. आमच्याकडचे एक काका रिटायर झाल्यावर शूटिंग सोडायलाच निघाले होते, त्यांना असा वेगळा नंबर काढून दिला आणि पहिल्याच दिवशी ते रेंजवर ओरडले, "अरे, कड दिसतेय!"