थर्मल पॅड बदलताय? आधी जाडी मोजा

एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की जुन्या ग्राफिक्स कार्डाचे पंखे ठणाणा करू लागतात. धूळ साफ करूनही फरक पडला नाही, तर आतले थर्मल पॅड वाळून कडक झाले असण्याची शक्यता असते.

मेमरी चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून बाहेर टाकणारा धातूचा भाग) यांच्यात थोडी फट राहते. फटीत हवा असते आणि हवा उष्णता जवळजवळ पुढे जाऊच देत नाही. सिरॅमिकची पूड मिसळलेला मऊ सिलिकॉनचा पॅड ती फट भरून काढतो. मुख्य चिपवर मात्र बहुतेक कार्डांत थर्मल पेस्टच असते, तिथे पॅड लावू नका.

खरेदीला तपकीर गल्लीत जा किंवा ऑनलाइन मागवा, पण जाडी ठरवल्याशिवाय नको. पॅड उष्णता किती सहज पुढे नेतो हे सांगणाऱ्या पाकिटावरच्या ‘१२ वॉट’ (प्रति मीटर-केल्विन) वगैरे आकड्याला लोक फार भुलतात. हिशेब साधा आहे: १२ चा २ मिमी पॅड आणि ६ चा १ मिमी पॅड उष्णतेला सारखेच अडवतात. शिवाय पॅड गरजेपेक्षा जाड असला तर हीटसिंक उचलला जातो, मुख्य चिपवर नीट टेकत नाही आणि मेमरी थंड पण चिप गरम असा उलटाच प्रकार होतो. म्हणून जुन्या पॅडची न दबलेली कड व्हर्नियरने मोजा. एकाच कार्डात १ आणि २ मिमी असे दोन्ही सापडू शकतात. कोणता कुठे होता, त्याचा फोटो काढून ठेवा.

आता काम. वायर काढा, कार्ड गार होऊ द्या. (स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर असेल तर इथेच विचार करा.) हीटसिंक झटक्यात ओढू नका, पंख्याची वायर तुटते. जुने तुकडे प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवा पॅड चिपच्या मापाने कापा, न ताणता बसवा. दोन्ही बाजूंची पातळ फिल्म काढायची. एक बाजू हमखास विसरली जाते. मुख्य चिपवर नवी पेस्ट लावा आणि स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळा.

मग एकदा परत उघडून बघा. प्रत्येक पॅडवर चिपचा ठसा उमटायला हवा. एखादा कोरा दिसला तर तिथे जाडी कमी पडतेय. पेस्ट पुन्हा लावावी लागेल, पण हा कंटाळा करू नका.