रोल कोरा निघाला? आधी कडेचे आकडे बघा

इंदूरला रंगपंचमीला राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला उभा राहून काढलेला माझा पहिला रोल पूर्ण कोरा निघाला. छत्तीसपैकी एकही फोटो नाही. कॅमेरा आजोबांचा, फिल्म नवी. दोष केमिकलचाच असणार असं ठरवून मी चांगला डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरचं चित्र उमटवणारं केमिकल, बेसिनमध्ये ओतून दिला. आमच्या गल्लीतले एक काका पूर्वी स्टुडिओत डार्करूम सांभाळायचे. संध्याकाळी त्यांनी ती पट्टी खिडकीशी धरली आणि विचारलं, "कडेला आकडे आलेत ना स्वच्छ? मग केमिकलला का बोल लावतोस? रोल आत फिरलाच नाही तुझा."

घरी रोल धुणाऱ्या, म्हणजे डेव्हलप करणाऱ्या, प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे नंबर कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात, पण फोटोंसारखेच तेही डेव्हलपर लागल्यावरच दिसतात. आकडे ठळक आणि फ्रेम कोऱ्या असतील, तर धुण्यात चूक नाही: फिल्म पुढे सरकली नाही, शटर उघडलं नाही किंवा लेन्सचं झाकण तसंच राहिलं. आकडेही गायब आणि सगळी पट्टी पारदर्शक असेल, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा टँकमध्ये (रोल धुण्याच्या बंद डब्यात) आधी फिक्सर, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणारं केमिकल, गेला. आकडे ठळक पण फोटो फिके असतील, तर प्रकाश कमी पडला. दोन्ही फिके असतील, तर धुणं कमी पडलं.

रोल न फिरण्यावर उपाय सोपा आहे. फिल्मचं टोक स्पूलच्या खाचेत अडकवलं की कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडं ठेवूनच एकदा पुढे सरकवा आणि दोन्ही बाजूंचे दाते फिल्मच्या कडेच्या भोकांत बसलेत ना ते पाहा. झाकण लावल्यावर डावीकडची रिवाइंडची कळ हलकेच फिरवून ढील काढा. आता फिल्म पुढे सरकवणारं लिव्हर ओढलं की ती कळ उलटी फिरलीच पाहिजे. फिरत नसेल तर तिथेच थांबा. फोटो मोजणारा काटा बऱ्याच कॅमेऱ्यांत रिकाम्या पोटीही पुढे जातो, त्याच्यावर विसंबू नका.

इंदूरच्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त रोल बिघडतात ते पाण्याने. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म किती वेळ धुवायची याचे बहुतेक तक्ते २० अंशांचे असतात आणि वैशाखात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. त्याच पाण्यात तक्त्याप्रमाणे धुतलं की निगेटिव्ह काळीकुट्ट होते आणि आकाशात काही उरत नाही. इलफर्डची एचपी५ प्लस ही फिल्म डी-७६ या डेव्हलपरमध्ये पाणी न घालता धुतली, तर २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. २४ अंशांना हाच वेळ पाच मिनिटांच्या आसपास येतो, आणि पाच मिनिटांहून कमी वेळात धुणं सगळीकडे सारखं होत नाही. म्हणून उन्हाळ्यात मी डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी मिसळतो. मग २० अंशांना अकरा मिनिटं आणि २४ ला साडेसातच्या जवळपास लागतात, हात चालवायला सवड मिळते.

पाणी मी माठाचं घेतो. रात्री गाळून भरलेला माठ सकाळी सहाला सगळ्यात थंड असतो. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात बर्फाची बंद पिशवी, आणि पातेल्यात डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचं पाणी अशा तिन्ही बाटल्या. तिन्हींचं तापमान जवळपास सारखं हवं, कारण फिल्मवरचा जिलेटिनचा थर गरम पाण्यात फुगून मऊ होतो आणि नुसत्या बोटानेही ओरखडतो. प्रसिद्ध छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८६६ च्या सुमारास बांधकाम खात्याच्या नोकरीसाठी इंदूरला आले आणि १८७०च्या दशकात इथेच कॅमेऱ्याकडे वळले. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं. फ्रीज नसलेल्या काळात, याच उन्हात, काचेच्या प्लेटांवर त्यांनी काम केलं हे आठवलं की माठ भरण्याचा कंटाळा येत नाही.

फिक्सर किती वेळा वापरला याची चिठ्ठी बाटलीवर चिकटवा. शंका आली तर फिल्मचा कापलेला तुकडा उजेडातच त्यात टाका आणि किती वेळात पारदर्शक होतो ते मोजा. निदान त्याच्या दुप्पट वेळ रोल फिक्सरमध्ये हवा. निगेटिव्ह दुधाळ दिसली तर घाबरू नका, ताज्या फिक्सरमध्ये परत टाका, बहुतेकदा सुधारते.

छोटे गोल पारदर्शक ठिपके म्हणजे हवेचे बुडबुडे. डेव्हलपर ओतल्यावर टँक ओट्यावर दोनदा आपटा. भोकांपासून फ्रेममध्ये शिरलेले पट्टे दिसले तर टँक फार जोरात हलवलात. टँकमधल्या प्लॅस्टिकच्या रिळात गुंडाळताना फिल्म मध्येच अडकत असेल तर रीळ ओलं आहे. जबरदस्ती केली की चंद्रकोरीसारखे डाग पडतात. निगेटिव्हवर काळे ओघळ दिसले तर ते कुठवर गेलेत ते पाहा. भोकांपर्यंत पोचले असतील तर प्रकाश मागच्या झाकणातून शिरला. जुन्या कॅमेऱ्यांतला फोम डांबरासारखा चिकट होतो, तो बदलून घ्या.

लालबाग पॅलेसच्या पांढऱ्या भिंतींनी कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर फसतं. ते सगळ्याचं करडं करायला बघतं, म्हणून तिथे एक-दीड स्टॉप जास्त प्रकाश द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश).

प्रयोग करताना एका रोलला एकच बदल करा. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत ४०० आयएसओची फिल्म कॅमेऱ्यावर १६०० लावून वापरायची (यालाच पुशिंग म्हणतात) असेल तर पूर्ण रोल १६०० वरच काढा, डबीवर लगेच लिहा आणि जास्त वेळ धुवा. कढईवरचा उजेड त्याने उठतो, पण मागच्या अंधारात जे फिल्मवर उमटलंच नाही ते जास्त धुऊन येत नाही. मुदत संपलेली फिल्म, नवा डेव्हलपर आणि पुशिंग, सगळं एकाच रोलवर केलं तर चांगला फोटो आला तरी कशामुळे आला हे कळत नाही.

फोटो मित्रांना दाखवायची घाई मी समजू शकतो, मलाही होते. पण टॅबच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह तशीच टेकवून फोनने टिपू नका, पडद्याचे बारीक चौकोन दिसतात. मध्ये चार बोटांचं अंतर ठेवा, खोलीतले दिवे बंद करा. चकचकीत बाजू फोनकडे ठेवा, नाहीतर दुकानांच्या पाट्या उलट्या वाचाव्या लागतील. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फिल्मचा दाणा शाबूत राहतो. छत्तीसच्या छत्तीस टाकण्यापेक्षा चारच टाका, लोक थांबून बघतात.

"काय चुकलं?" असं विचारायचं असेल तर मात्र नुसता स्कॅन पाठवू नका. लॅबचं यंत्र फिकी निगेटिव्ह आपोआप उजळवतं आणि खरं दुखणं झाकलं जातं. लॅबमधून निगेटिव्ह मागून घ्या. सहा फ्रेमची पट्टी उजेडावर धरा, कडेचे आकडे दिसतील असा फोटो काढा, आणि खाली फिल्म, डेव्हलपर, तापमान, वेळ एवढं लिहा.