मॉन्टेव्हर्देला जाताना आबांगारेसच्या सोन्याच्या खाणी कशा बघायच्या

कोस्टा रिकाला जाणारे आपले बरेच लोक तिथल्या लिबेरिया शहराच्या एअरपोर्टवरून गाडी घेऊन थेट मॉन्टेव्हर्देचं जंगल गाठतात आणि वाटेतलं लास हुंतास, म्हणजे आबांगारेसच्या खाणींचं गाव, तसंच मागे टाकतात, मला याचं खरंच वाईट वाटतं. अर्धा दिवस काढा ना इथे.

इंटरअमेरिकाना हायवेवरून लास हुंतासकडे वळायचं, 145 नंबरचा रस्ता. डिसेंबर ते एप्रिल कोरडा सीझन, तेव्हा जा, पावसात घाटात त्रास होतो. वळलात की आधी जमीन बघा. मागे निकोया आखाताकडे सखल भाग, गुरांची कुरणं, मिठागरं, आणि समोर तिलारानची डोंगररांग. या डोंगरातल्या जुन्या ज्वालामुखी खडकांच्या भेगांमधून गरम पाणी फिरलं, त्यातून गारगोटीच्या शिरा तयार झाल्या, सोनं त्या शिरांमध्ये आहे. म्हणून खाणी सगळ्या वर डोंगराकडे आणि बाजाराचं गाव खाली.

गावात मारिया क्रिस्टिना नावाचं छोटं रेल्वे इंजिन ठेवलंय, खाणीचा दगड वाहणारं, ते बघून मग गावाबाहेर जंगलातल्या इकोम्युझियमला जा. उघडं आहे का ते आधी फोन करून विचारा आणि स्पॅनिश येत नसेल तर फोनमध्ये ट्रान्सलेटर डाउनलोड करून ठेवा, वर नेटवर्कचा भरवसा नाही. तिथे जुन्या गिरणीचे अवशेष आहेत, उखळात मुसळाने कांडावं तसे लोखंडी ठोकळे दगडावर आपटून त्याचा भुगा करायचे आणि मग सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवून काढायचे. इथे घाई करू नका, नीट उभं राहून बघा. त्या गारगोटीच्या धुळीनेच खाणकामगारांची फुप्फुसं जायची.

आणि गाइडला 1911 बद्दल नक्की विचारा. खाणी तेव्हा मायनर कीथ या अमेरिकन उद्योगपतीच्या कंपनीकडे होत्या, हा तोच कोस्टा रिकात रेल्वे बांधणारा आणि केळीवाला कीथ, युनायटेड फ्रूट या केळ्यांच्या कंपनीचा. बाहेर पडताना कामगारांची झडती घ्यायचे, सोनं लपवलंय का म्हणून, तो अपमान आणि राग साठत गेला आणि डिसेंबर 1911 मध्ये उठाव झाला, कंपनीचे पहारेकरी मारले गेले, त्यात जमैकाहून या कामासाठी आणलेले काळे लोक होते. त्यांचीही बाजू विचारा, तेही पोटासाठीच आले होते.

कंपनी गेली तरी सोनं काढणं थांबलं नाही. कोलिगायेरो म्हणजे स्वतःच्या हिमतीवर खणणारे लोक, ते आजही दगड दळून पाऱ्याने सोनं धरतात आणि मग पारा तापवून उडवतात. त्यांच्याशी बोला, पण विचारल्याशिवाय फोटो काढू नका. पारा तापवताना जवळ थांबायचं नाही, वाफ विषारी असते, मुलं बरोबर असतील तर मुळीच नाही. कुणी बोगद्यात चला म्हटलं तरी एकट्याने जाऊ नका, जुने बोगदे ढासळतात. दुपारीच निघा म्हणजे उजेडात घाट चढून मॉन्टेव्हर्देला पोचाल.